कुत्र्याच्या दुखण्याला नाव नाही

मराठी भाषा गरीब आहे असे ज्याला वाटत असेल त्याने एकदा गुरांच्या बाजारात जाऊन चार शेतकऱ्यांचे बोलणे ऐकावे. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, काळपुळी, तिवा, पोटफुगी, कासेची दगडी ही गाईबैलांची दुखणी. शेळीला आंत्रविषार, मेंढीला देवी, कोंबडीला मानमोडी. बुळकांडी तर २०११ साली साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, तरी तिचे नाव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून शिल्लक आहे. ही नुसती नावे नव्हेत. घटसर्प म्हटले की गळ्याची सूज आणि घशातली घरघर समोर उभी राहते; फऱ्या म्हटले की लंगडणारा बैल आणि हात लावताच चरचरणारा त्याचा फरा. नावातच अर्धे निदान असते, आणि किती घाई करायची याचा इशाराही असतो.

आता कुत्र्याकडे वळू. ‘पिसाळला’, ‘लूत लागली’, ‘किडे पडले’ आणि ‘मेला’. पाचवा शब्द मी पुष्कळ आठवून पाहिला, आमच्या वाडीतल्या जाणत्यांना विचारून पाहिला, मिळाला नाही. दारात दहा-दहा वर्षे राखण करणाऱ्या जनावराच्या दुखण्याला आपल्या बोलण्यात एवढीच जागा आहे. माझे म्हणणे असे की हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ज्या दुखण्याला नाव नाही ते कोणाला दिसत नाही, दिसले तरी डॉक्टरपर्यंत पोचत नाही, आणि त्याचा भुर्दंड एकट्या कुत्र्यालाच पडतो असेही नाही.

आपल्या परंपरेत कुत्र्याला मान कमी नाही. धर्मराजाने त्याच्यासाठी स्वर्गाचे दार नाकारले. दत्तात्रेयांच्या पायाशी चार वेद कुत्र्यांच्या रूपाने बसले आहेत. जेजुरीच्या खंडोबाबरोबर तो आहेच, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण बालपणापासून ओळखतो. पण या सगळ्या कथांतला कुत्रा धडधाकट आहे. धर्मराजाचा कुत्रा तर प्रत्यक्ष यमधर्मच निघाला. तो आजारी कसा पडणार! आजारी कुत्र्याची आणि त्याला घेऊन वैद्याकडे निघालेल्या माणसाची कथा माझ्या तरी वाचनात आलेली नाही. म्हणून एक आमच्या घरची सांगतो.

माझे घर भीमाशंकरच्या वाटेवर, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, तळेघरच्याही पुढे एका वाडीत आहे. पावसाळ्यात तिथे दिवसचे दिवस धुके हटत नाही आणि बाळहिरड्याच्या हंगामात घरात माणूस सापडत नाही. ‘पाळीव कुत्रा’ म्हटल्यावर शहरातल्या माझ्या वर्गमित्रांना गळ्यातला पट्टा आणि साखळी आठवते. आमच्याकडे पाळलेला म्हणजे बांधलेला नव्हे. तो उरलेली भाकरी खातो, रात्री भाताच्या खाचराकडे रानडुकरे आली तर ओरडतो, आणि बिबट्याचा वास आला तर वेगळ्या आवाजात ओरडतो. हा दुसरा आवाज घरातल्या लहान पोरालाही ओळखू येतो. आमच्या भुऱ्याचे काम हेच होते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला भुऱ्याने खाणे सोडले. पडवीच्या कोपऱ्यात पडून राहायचा. चौथ्या दिवशी त्याच्या एका नाकपुडीतून रक्ताचे थेंब पडू लागले. वाडी लहान, त्यामुळे तासाभरात सगळी जमली आणि जो तो आपले मत देऊ लागला.

“नाकात जळू गेली असंल. मिठाचं पानी सोडा,” असे एक चुलते म्हणाले.

“जनावर चावलं असंल त्याला, फुरसं नायतर घोनस,” दुसऱ्याचे मत.

“कुनाच्यातरी घरचं उंदराचं औषध खाल्लं त्यानं.”

आणि आमच्या शेजारच्या आजींचा निकाल: “काय नाय, घोळणा फुटलाय. कांदा हुंगवा.”

शिकलेल्या माणसाला अशा वेळी हसू येते. मला नंतर कळले की यात हसण्यासारखे फारसे नव्हते. जळू नाकात शिरली तर रक्त येते. घोणस किंवा फुरसे चावले तर रक्त गोठेनासे होते. उंदीर मारण्याच्या काही औषधांचे काम तेच आहे. रक्त गोठू न देणे. आजींचा घोळणा माणसाचा होता, तो सोडला तर बाकी तिघांचे अंदाज शास्त्राला धरून होते. अडचण एवढीच की प्रत्येकाचा उपाय निराळा, आणि त्यांतला कोणता करायचा हे ठरवण्याचे साधन वाडीत कोणापाशी नव्हते. लोक अडाणी असतात म्हणून कुत्रे मरते हे मला पटत नाही. अंदाज करण्यात लोक हुशार आहेत. अंदाजांतून एक निवडायचा कसा, तिथे गाडी अडते.

जवळच्या दवाखान्यात गेलो तर डॉक्टर लसीकरणाच्या फेरीवर गेलेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या दवाखान्याला गावोगाव ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात, आणि ते नाव खरे आहे. गाईचे रेतन, लाळ्या-खुरकुताची लस, २०२२ साली आलेली लम्पीची साथ, हे करता करता एका डॉक्टरचा दिवस किती पुरणार? कुत्रे तिथे जाते ते चुकूनमाकून. शेवटी शेजारच्या पिकअपमध्ये भाजीच्या क्रेटशेजारी भुऱ्याला ठेवून आई आणि मी मंचर गाठले.

तिथल्या डॉक्टरांनी आधी भुऱ्याला हात लावला नाही; आधी आम्हाला प्रश्न विचारले. “कधीपासून खात नाही?”

“चार दिवस झाले, साहेब,” मी म्हणालो.

“चार दिस नाय,” आई मध्येच म्हणाली. “पंधरा दिस झालं, अर्धी भाकर ठेवतोय. आन् उन्हात जाऊन बसतोय, जवळ सावली असून.”

डॉक्टरांनी मान वर करून आईकडे पाहिले आणि त्यापुढचे सगळे प्रश्न तिलाच विचारले. लघवी तांबडी होते का? नाही, पिवळीच. अंगावर कुठे सूज आली होती का? नाही. घरात कोणी उंदराचे औषध ठेवले होते का? नाही. वाडीतले आणखी कोणते कुत्रे असे झाले होते का? आई जरा थांबली. “खालच्या आळीतली कुत्री मागच्या साली अशीच गेली. तिच्या बी नाकातनं रगात येत हुतं. पर ती म्हातारी हुती.” मग डॉक्टरांनी भुऱ्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. कान उलटा केला तर आत तुरीच्या दाण्यासारख्या गोचिडी ओळीने बसलेल्या.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशींत शिरणारा एक जंतू असतो, बॅबेसिया. तो दिसला नाही. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स मात्र फारच थोड्या दिसल्या. नमुना पुण्याला पाठवला. मागाहून अहवाल आला तेव्हा कळले की निरोगी कुत्र्यात ज्या दोन लाखांच्या वर असाव्यात त्या भुऱ्यात पंचवीस हजार होत्या. पण डॉक्टर अहवालासाठी थांबले नव्हते. त्यांनी सांगितले, “हा एर्लिकिओसिस असणार. पट्टीवर त्याचा जंतू बहुधा सापडत नाही, म्हणून तो नाही असे समजायचे नाही. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे. मध्येच बरा दिसला तरी बंद करायच्या नाहीत.”

आईने मला कोपराने ढोसले. “काय म्हनाले?”

डॉक्टर हसले. “गोचीडताप म्हणा, आई.”

माझ्या लेखी त्या दिवशी जो मुख्य उपचार झाला तो हाच. गोळ्यांनी भुऱ्या उठला; दहाव्या दिवशी त्याने अख्खी भाकरी खाल्ली आणि महिन्याभरात तो पुन्हा खाचराकडे जाऊ लागला. पण ‘गोचीडताप’ हा शब्द आईने वाडीत नेला आणि आठवड्याच्या आत घरोघर कुत्र्यांचे कान उलटे होऊ लागले. खालच्या आळीतली ती म्हातारी कुत्री वर्षभराने का होईना, कशाने गेली याची निदान शंका लोकांना आली. ‘एर्लिकिओसिस’ या शब्दाने हे झाले नसते.

या रोगाला नाव मिळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागलाच. अल्जीरियात १९३५ साली तो प्रथम ओळखला गेला आणि पुढे बरीच वर्षे त्याच्याकडे जगाचे फारसे लक्ष नव्हते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन लष्कराचे शिकवलेले कुत्रे नाकातून रक्त जाऊन मरू लागले तेव्हा धावपळ झाली. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड हा जंतू एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे नेते. तो पांढऱ्या पेशींत जाऊन बसतो. पहिला ताप उतरला की कुत्रे महिनोन् महिने, कधी वर्षे, चांगले दिसते, आणि मग एके दिवशी कोसळते. आईने सांगितलेली ‘पंधरा दिवसांची अर्धी भाकर’ म्हणूनच महत्त्वाची होती.

आता पैशाचे. वडिलांचे म्हणणे सरळ होते: “गाय असती तर कर्ज काढलं असतं. कुत्र्यासाठी एवढं?” त्यांना मी निर्दय म्हणणार नाही. गाईला बाजारात किंमत आहे, तिचा विमा उतरतो. कुत्र्याची किंमत शून्य. शिवाय आमच्या खर्चाचा हिशेब मांडला तर एक गंमत दिसते. गोळ्या माणसांच्याच, साध्या आणि स्वस्त. महाग पडली ती गाडी, तपासणी आणि दोघांची बुडालेली मजुरी. म्हणजे रोग बरा करणे स्वस्त आणि रोग ओळखणे महाग. म्हणूनच माणूस ओळखण्याची पायरी गाळतो. कोणीतरी एक सुई टोचतो, तापाने पडलेले कुत्रे दोन दिवस उभे राहते, पैसे देऊन माणूस मोकळा होतो, आणि तिसऱ्या दिवशी कुत्रे पुन्हा पडते. सरकारने कुत्र्यांना फुकट औषधे वाटावीत असे मी म्हणणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी काचपट्टी पाहणारा माणूस आणि रक्त मोजण्याचे यंत्र असावे आणि तिथवर कुत्र्यालाही वाट असावी, एवढे म्हणेन.

कारण न शोधता औषध देण्याचे फळ आपण एकदा चाखलेले आहे. गुरांच्या दुखण्यावर स्वस्त आणि मस्त म्हणून डायक्लोफिनॅक सर्रास टोचले गेले. त्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. गिधाडे कशाने मरतात हे उमगायला २००४ साल उजाडले आणि जनावरांसाठी त्या औषधावर भारतात २००६ साली बंदी आली. तोवर नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे गेली होती. आणि गिधाडांनी सोडलेल्या मढ्यांवर कोण पोसले गेले? कुत्रीच.

असो. भुऱ्याचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. बरा झाल्यावर आठ महिन्यांनी एका रात्री तो त्या वेगळ्या आवाजात ओरडला आणि मध्येच थांबला. सकाळी पडवीपासून ओढ्यापर्यंत फरफटल्याची खूण होती. जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको. त्या दिवसापासून गावात एक वाक्य ऐकू येते: “बिबट्यासाठीच बरा केलात का हो त्याला?” थट्टा आहे, आणि ती दोन-चार वेळा वडिलांनीही केली.

मी या थट्टेचा पुष्कळ विचार केला आहे, आणि माझे उत्तर ‘हो, तेही एक कारण आहे’ असे आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. म्हणजे आमच्या पडवीत जे दुखणे असेल ते उद्या रानात जाणार. कुत्र्यांत डिस्टेंपर नावाचा रोग आहे. डोळ्यानाकातून चिकट पाणी, खोकला, मग हगवण, मग पाय झटके देऊ लागतो आणि फिट येतात. टांझानियाच्या सेरेंगेटीत १९९४ साली या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. तो भोवतालच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांकडून आला असावा असे शास्त्रज्ञांचे मत पडले. आपल्या गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह गेले, त्यांतही तोच विषाणू सापडला. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक अभयारण्याभोवतीच्या गावांतील कुत्र्यांचे रक्त तपासले, तर बहुतेकांना डिस्टेंपर आणि पार्व्हो हे दोन्ही होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. भीमाशंकरचे रान १९८५ पासून अभयारण्य आहे. शेकरू पाहायला येणाऱ्यांसाठी तिथे नियम आहेत. अभयारण्यातल्या आणि काठावरच्या वाड्यांत कोणत्या कुत्र्याचा पाय झटके देतो, याची नोंद कोण ठेवते?

डिस्टेंपर आणि पार्व्होला आमच्याकडे नाव नाही हे सांगायलाच नको. पिल्ले रक्ताची हगवण होऊन ओळीने मरतात तेव्हा “आमच्या घराला पिल्लू लाभत नाही” असे म्हणतात. पार्व्हो कुत्र्यांत १९७८च्या सुमाराला नव्याने आला आणि जगभर पसरला. तेव्हा जुन्या मराठीत त्याला शब्द नाही हे समजण्यासारखे आहे. पण दोन्हींवर लस आहे. ‘लाभत नाही’ या दुखण्यावर लस निघणार नाही.

आणि ज्याला नाव आहे त्या पिसाळण्याचे तरी काय? पिसाळलेला कुत्रा म्हटले की धावून येणारा, चावत सुटणारा कुत्रा आपल्याला माहीत असतो. पण या रोगाचा एक मुका प्रकार आहे. त्यात कुत्रा चावत नाही. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. पाहणाऱ्याला वाटते घशात हाडूक अडकले. मालक मायेने तोंडात हात घालतो, दाताचा ओरखडा उठतो, आणि कुत्रा चावलाच नाही म्हणून तो माणूस सुई घ्यायला जात नाही. पास्चरने १८८५ साली जोसेफ मीस्टर या मुलाला पहिली लस टोचली त्याला आज १४० वर्षे होऊन गेली, आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने जातात. एकदा लक्षणे दिसू लागली की औषध नाही. कुत्र्याच्या घशात ‘हाडूक’ दिसले तर तोंडात हात न घालता त्याला कोंडून डॉक्टरला बोलवायचे, आणि हात घातला गेला असेल तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हे एवढे दोन ओळींत लिहून प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावता येईल.

‘आपण कलाशाखेचे विद्यार्थी, आपला यात काय संबंध?’ असे काही मित्र विचारतील. माझ्या मते संबंध सायन्सवाल्यांपेक्षा जास्त आहे. मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही. ते त्याच्या माणसाला सांगावे लागते. मंचरच्या त्या खोलीत निदान कशाने झाले? सूक्ष्मदर्शकाने जंतू दाखवला नाही. ‘अर्धी भाकर’, ‘उन्हात बसतो’, ‘लघवी पिवळीच’, ‘खालच्या आळीतली कुत्री’ या आईच्या चार वाक्यांनी वाट दाखवली. पाहिलेले नेमके सांगणे हा भाषेचा विषय आहे. माझी आई चौथी शिकलेली आहे.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुढे एक सूचना ठेवतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले निवासी शिबिर सात दिवसांचे असते. रस्ता, बंधारा, झाडे हे सगळे चांगलेच आहे; पण त्यांतला एक दिवस शिबिराच्या गावातल्या कुत्र्यांना पिसाळण्याची लस टोचण्यासाठी द्यावा. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते असा अनुभव आहे, आणि दोनशे उंबऱ्यांच्या गावात सत्तर टक्के हे एका दिवसाचे काम आहे. टोचायचे डॉक्टरांनी, धरायचे ज्याच्या त्याच्या मालकाने. आपल्या मुलांनी कुत्रे धरायला जाऊ नये. ज्यांनी स्वतः आधी लस घेतलेली नाही त्यांनी तर मुळीच नाही. आपण वही धरावी. घर, कुत्र्याचे नाव, वय, गोचिडी आहेत की नाहीत, गेल्या वर्षी त्या घरातले कोणते कुत्रे कशाने गेले, आणि ते सांगताना घरच्या बाईने कोणता शब्द वापरला. हा शेवटचा रकाना मराठी विभागाने सांभाळावा. ‘मेला’च्या अलीकडे किती शब्द सापडतात ते पाहू.

लस बर्फाच्या पेटीतून आणावी लागते आणि डॉक्टरांच्या फेऱ्या आधीच ठरलेल्या असतात. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र शिबिराच्या निदान महिनाभर आधी गेले पाहिजे. पत्राचा मसुदा मी प्राध्यापकांकडे दिला आहे.